मदत हवी आहे: वाळवंटात आइस हॉकी पुन्हा रुजेल का?

नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या फिनिक्सला राहतो. आमचा कायोटीज हा आइस हॉकी संघ 2024 मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेला, तेव्हापासून लेकाची जर्सी खुंटीवरच आहे. 2009 ची दिवाळखोरी, मग 2022 पासून जेमतेम 4,600 आसनांचं विद्यापीठाचं रिंक, 2023 मध्ये शेजारच्या टेंपी शहरातल्या लोकांनी मतदानात नाकारलेलं नवं स्टेडियम... संघाला हक्काचं घरच मिळालं नाही. पण नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरोलायना हरिकेन्स संघाचं कसं जमलं? तो संघही 1997 मध्ये हार्टफर्डहून आलेला. पहिली दोन वर्षं त्याच राज्यातल्या ग्रीन्सबरोत रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळला, आणि 2006 मध्ये चक्क स्टॅन्ली कप, म्हणजे आइस हॉकी लीगचं विजेतेपद! रॅलेमधल्या, म्हणजे त्या संघाच्या आताच्या शहरातल्या, कुणी हे जवळून पाहिलंय का? आधी काय केलं: तरुण खेळाडू घडवले, तिकिटं स्वस्त केली, की शाळकरी पोरांना बर्फावर उतरवलं? इथल्या पालकांच्या बैठकीत मांडायचंय. कृपया जरा सविस्तर सांगा.