ग्राफीनचा सदरा घालून म्हणे गोळी अडवणार!

तिरकस_तांबे:
‘ग्राफीन पोलादाच्या दसपट, संगणकाने सिद्ध केलंय, आता बुलेटप्रूफ जॅकेट सदऱ्याइतकं पातळ’ ही कालची पोस्ट वाचून चहा कडू झाला. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. मुळात ती दसपट, म्हणजे तितक्याच वजनात गोळीची ऊर्जा शोषण्यातली, संगणकावरची नव्हेच. 2014 मध्ये अमेरिकेतल्या राइस आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांच्या गटाने लेसरने सिलिकाच्या काही मायक्रॉनच्या गोळ्या मारून ती मोजली. ग्राफीनचे थर रचून केलेला पापुद्रा होता जेमतेम 10 ते 100 नॅनोमीटरचा! इतक्या पातळ थरात गोळीच्या मानाने खूप मोठा भाग ताणला जातो, आकडा फुगतो. तो छातीवरच्या पॅनेलला लावून मोकळे?
आणि एमडीचा, म्हणजे संगणकावर अणू-अणूची हालचाल मोजणाऱ्या मॉलिक्युलर डायनॅमिक्सचा, हिशेब करा. पायरी साधारण एका फेम्टोसेकंदाची. दहा लाख पायऱ्या म्हणजे एक नॅनोसेकंद. तेवढ्यात सेकंदाला 800 मीटरने जाणारी गोळी एक मायक्रॉनही सरकत नाही.

कणाकणाने:
अहो, अख्खं जॅकेट अणू-अणूने चालवतो कोण? एमडीतून थरांमधलं घर्षण, चिकटपणा काढायचा, कोर्स-ग्रेनला, म्हणजे अणूंचे गट धरणाऱ्या मॉडेलला द्यायचा, तिथून अख्ख्या वस्तूचे तुकडे पाडून हिशेब करणाऱ्या फायनाइट एलिमेंटला. गोळी आत असताना कुठला थर आधी सुटला, हे तुमच्या हायस्पीड कॅमेऱ्याला दिसतं का?

तिरकस_तांबे:
तुमच्या मॉडेलात नॅनोट्यूब, त्या कार्बनच्या सूक्ष्म नळ्या, कशा शिस्तीत पसरलेल्या! त्या ज्यात मिसळतात त्या खऱ्या इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, गुठळ्या होतात. आमच्या नमुन्याला तडा गेला तो गुठळीपासूनच.

मागचा_बाक:
गुठळ्यांचं सोडा. आमच्या गाइडने चाचणीची गन नाही म्हणून सिम्युलेशन करायला लावलं. पोटेन्शियल, म्हणजे अणू एकमेकांना किती ओढतात-ढकलतात त्याचं सूत्र, बदललं की उत्तर बदलायचं. मग ‘जे छान दिसतंय ते टाक’. डॉक्टर झालो, गोळी एकही पाहिली नाही.

कोल्हापूरची_माई:
तुमचं पीएचडी राहू द्या. माझा भाऊ पोलिसात आहे. बंदोबस्ताला जॅकेट घालून उभा राहिला की घामाने निथळतो, मग काढून गाडीत टाकतो. गाडीतल्या जॅकेटने कुणाचा जीव वाचत नाही. वजन कधी कमी करताय ते बोला.

कणाकणाने:
माई, वजनासाठीच तर हा सगळा खटाटोप. आणि घामाचं म्हणाल तर झायलॉन आठवा, जॅकेटांत वापरायचे तो कृत्रिम धागा. 2003 मध्ये पेनसिल्वेनियात एका पोलिसाच्या वर्षही न झालेल्या जॅकेटातून गोळी आरपार गेली. चाचणी पास झालेलंच जॅकेट होतं ते! उष्णता आणि दमटपणाने धागा कमजोर व्हायचा. 2005 मध्ये अमेरिकेने झायलॉन बाद केलं. आता सांगा, प्रत्यक्ष चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य का?

तिरकस_तांबे:
मग तुमच्या सिम्युलेशनच्या बॉक्समध्ये घाम होता वाटतं? आर्द्रता टाकलेला एक तरी रन दाखवा.

कणाकणाने:
पाण्याचे रेणू घालून इपॉक्सीचे रन लोक कधीचे करतात. वाचायचं कष्ट घ्या.

कोल्हापूरची_माई:
आणि पावसाळ्यात गाडीत पडून राहिलेलं जॅकेट पुन्हा तपासतं कोण? ते रनमध्ये येतं का?

मागचा_बाक:
माई, तेवढ्यात माझी पोस्टडॉक निघेल!

तिरकस_तांबे:
बरं बाबा, मानलं. शंभर मिश्रणांतली नव्वद न बनवताच फेकायला तुमचं सिम्युलेशन कामाचं. उरलेल्या दहांवर मात्र गोळी मीच झाडणार, आणि तीही महिनाभर दमट खोलीत ठेवून. गुठळ्यांचं उत्तर अजून आलेलं नाही, बरं का.