मदत हवी आहे: गॅलेरा क्लस्टरमध्ये तिसरा नोड टिकत नाही

नमस्कार मंडळी, मारियाडीबी डेटाबेसच्या गॅलेरा क्लस्टरमध्ये (एकच डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या गटात) तिसरा नोड, म्हणजे तिसरा सर्व्हर, जोडतोय. तो सुरू केला की क्लस्टरचा आकडा ३ होतो, पण डेटा घेताना एसएसटी (जुन्या नोडकडून पूर्ण डेटाची प्रत आणण्याची प्रक्रिया) अडकते आणि सर्व्हिस बंद पडते. पिंग जातं, ४५६७ पोर्टला (नोडांच्या आपसातल्या संपर्काचं) जोडणी होते. ४४४४ (एसएसटीचं) आणि ४५६८ ही पोर्टंही फायरवॉलमध्ये उघडलीत, एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) परमिसिव्ह, म्हणजे काही न अडवणारं, करूनही पाहिलं. फरक शून्य.

एक शंका आहे. या नव्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत आणि डोनरच्या (डेटा देणाऱ्या जुन्या नोडच्या) लॉगमध्ये ४४४४ ला जोडताना भलताच आयपी दिसतो, आतल्या नेटवर्कचा नाहीच. नोडचा पत्ता कॉन्फिगमध्ये हाताने दिला तर पुरे, की एसएसटी घेण्याचा पत्ताही वेगळा द्यावा लागतो? जुन्या दोन नोडांवर लोकांचं काम चालू आहे, ते रीस्टार्ट करायची हिंमत होत नाही. कोणी हे सोडवलं असेल तर कृपया सांगा.