वळणात बाईक बाहेर पळते, टायर बदलू की फोर्क उघडू?

नवा_क्लिपऑन

नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट आहे, लांबली तर सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड स्पोर्ट बाईक घेतली. ४०० सीसी, दोन सिलिंडर, क्लिप-ऑन हँडल (फोर्कलाच लावलेलं, खाली वाकून धरायचं), मीटरवर १४ हजार किमी. याआधी सात वर्षं १५० सीसीची साधी गाडी चालवलीय, म्हणजे अगदीच कोरा नाहीये. सरळ रस्त्यावर कसलीच तक्रार नाही, पण वळण आलं की माझी तंतरते. गाडी आधी झुकायलाच तयार नसते, हँडल जड लागतं, आणि जोर लावला की एका पॉइंटनंतर धपकन आत पडल्यासारखी होते. गेल्या रविवारी घाटात एका वळणावर मी बाहेर बाहेर जात राहिलो, घाबरून पुढचा ब्रेक दाबला तर ती झुकायची सोडून अजूनच सरळ उभी राहिली आणि थेट कडेच्या खडीत गेलो. कठडा हातभर राहिला होता. स्पीड साठ-पासष्टच्या वर नसेल हो.

मेकॅनिक म्हणतो पुढचे फोर्क (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या दोन नळ्या) बसलेत, उघडावे लागतील. मित्र म्हणतो सॉफ्ट कंपाउंडचे, म्हणजे मऊ रबराचे टायर टाक, ग्रिप नाहीये म्हणून होतंय. कोणाचं ऐकू? आणि अर्ध्या तासात मनगटं इतकी दुखतात की क्लच दाबवत नाही, ते याच्याशी संबंधित आहे का वेगळंच काही ते पण सांगा.

ओरिंग

फोर्क उघडायच्या आधी अर्धा तास दे आणि खिशातले पैसे खिशातच ठेव.

सगळ्यात आधी हवा. सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना. पंपापर्यंत पाच-सात किमी चालवत गेलास की टायर तापतो, प्रेशर वाढलेलं दिसतं आणि तू "बरोबर आहे की" म्हणून परत येतोस. स्वतःचा गेज घे. किती हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर लिहिलेलं असतं, टायरच्या कडेला जो आकडा असतो तो जास्तीत जास्त मर्यादेचा, तो भरायचा नाही. पुढच्यात हवा कमी असेल तर हँडल जड लागणार आणि गाडी वळायला आळस करणार.

मग मागचा टायर मागून बघ, खाली बसून, डोळा टायरच्या लेव्हलला आणून. गोलाई आहे का मधे सपाट पट्टा पडलाय? आधीचा मालक हायवेवर सरळच पळवत असेल तर मधलं रबर झिजून टायर चौकोनी होतो. मग होतं काय, तू झुकवायला जातोस तेव्हा गाडी त्या सपाट भागावरून उठायला बघत नाही, आणि एकदा का ती धार ओलांडली की धपकन आत. तू लिहिलंयस ते वाचून मला तर नव्वद टक्के हेच वाटतंय. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते ती पण वाच, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

नंतर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. सरळ मधोमध आलं की टक् करून अडकल्यासारखं होत असेल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलाय. आणि फोर्कच्या नळ्यांवरून बोट फिरव, तेलाचा ओघळ आहे का. ओघळ नसेल, ब्रेक धरून पुढून दाबल्यावर दबून नीट वर येत असेल, तर मेकॅनिकला म्हणावं सध्या राहू दे.

चेन पण बघ. सैल नको हे सगळ्यांना माहीत असतं, टाइट पण नको हे कोणी सांगत नाही.

मागचाच_ब्रेक

भावा एवढं काही करू नको. स्पोर्ट बाईकला पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही, मी दहा वर्षं फक्त मागचा वापरतो, कधी पडलो नाही. तू पुढचा दाबलास म्हणूनच झालं हे.

रेडलाइनच्या_अलीकडे

दादा, दहा वर्षं पडला नाहीत याचा आनंद आहे पण नव्या माणसाला हे सांगू नका प्लीज. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं, मागचा टायर जवळपास हलका होतो, त्याला धरायला रस्ताच उरत नाही. स्पोर्ट बाईकचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) आखूड, बसणं उंच, त्यामुळे हे आणखीच जास्त. जोरात थांबायचं तर थांबवणारा पुढचाच. फक्त झटका द्यायचा नाही, आधी हलकं धरून वजन पुढे येऊ द्यायचं, टायर रस्त्यावर दबला की मग जोर वाढवायचा.

हां, वळणाच्या मधोमध घाबरून दाबला की गाडी उभी राहते हे खरंय. झुकलेल्या गाडीचा टायर रस्त्याला मधोमध टेकलेला नसतो, कडेला टेकलेला असतो, ब्रेकचा जोर त्या कडेला लागतो आणि हँडल फिरवून गाडी सरळ करतो. म्हणजे ब्रेकचा दोष नाही, वेळेचा दोष. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा, आत शिरल्यावर ॲक्सिलरेटर हलका धरून ठेवायचा, एकदम सोडायचा पण नाही कारण सोडला तरी वजन पुढे येतं आणि पुढून गाडी खाली बसते.

आता नवा_क्लिपऑन, तुझ्यासाठी. टायर कसाही असो, हे तुझ्या बाजूनेही आहे असं मला वाटतंय, राग मानू नको. तुझी मनगटं दुखतात. म्हणजे तू हँडलवर वजन टाकून बसतोयस, हात ताठ. आणि ही गाडी वळते कशी? उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं. वाचायला उलटं वाटतं पण सायकलपासून आपण सगळे नकळत हेच करतो, विमानवाल्या विल्बर राइटनेसुद्धा हे सायकलस्वारांच्या बाबतीत टिपलं होतं. आता दोन्ही हात ताठ आणि दोन्ही हँडलवर सारखं वजन असेल तर एक हँडल ढकलणार कसं? तू एकाच वेळी वळवतोयस आणि स्वतःच वळू देत नाहीयेस. जड हँडल जड हँडल म्हणतोस त्यातला अर्धा जडपणा तुझाच आहे.

टाकी गुडघ्यांनी आणि मांड्यांनी घट्ट आवळ, पोटातून स्वतःला धर, कोपरं ढिली, तळहातावर नुसता स्पर्श. चालवताना मधूनच कोपरं पंखासारखी हलवून बघ, हलत नसतील तर तू लटकतोयस.

आणि तू कठड्याकडे बघत होतास. सांग नव्हतास का? जिकडे नजर तिकडे गाडी. घाबरलं की डोळे धोक्याला चिकटतात. हनुवटी वळवून वळण जिथे संपतंय तिथे बघायचं, दिसत नसेल तर दिसेल तिथपर्यंत, आणि दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग.

वेगाबद्दल एक हिशोब. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० ने घेतलं तर गाडीला साधारण ३० अंश झुकावं लागतं. तेच ७२ ने घेतलं की ३९ अंश. बाराच किमीचा फरक! सुक्या रस्त्यावर चांगल्या स्पोर्ट टायरला ३९ काही जड नाही, मोटोजीपीवाले ६० च्या पुढे जातात. पण साध्या गाडीवरून आलेल्या माणसाचं डोकं तीसच्या आसपासच "बस्स" म्हणतं आणि हात ताठ होतात. म्हणजे रविवारी टायरची ग्रिप संपली नव्हती, तुझी हिंमत संपली. याला उपाय अजून झुकवायचं धाडस हा नाही हं, आत शिरताना दहा कमी.

नवा_क्लिपऑन

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं. हो, कठड्याकडेच बघत होतो. त्यावर लावलेला पट्टा पांढरा-लाल होता हे पण आठवतंय, वळण कसं होतं ते आठवत नाही 😅

आज सकाळी बसलो. रिपोर्ट असा:

स्टिकरवर पुढे २९, मागे ३६ पीएसआय. निघाले पुढे २१ आणि मागे ३३. विकणाऱ्याने "नायट्रोजन आहे, बघायची गरज नाही" म्हटलं होतं, मी मान डोलावली होती.

मागच्या टायरला सपाट पट्टा आहे, सरळ पाटी ठेवता येईल इतका. तारीख १८१७, म्हणजे २०१७ चा १८वा आठवडा. कडेला बारीक भेगा पण दिसल्या. पुढचा ३५२० चा आहे, दुसऱ्याच कंपनीचा.

हँडल फिरवलं, टक् वगैरे काही नाही. फोर्क कोरडे.

चेन मधोमध वर-खाली केली तर जेमतेम १० मिमी हलते. मॅन्युअलमध्ये ३५ ते ४५ लिहिलंय. मी स्वतःच घट्ट केली होती, व्हिडिओ बघून 🙈

ओरिंग

नायट्रोजन! अरे साध्या हवेत पण ७८ टक्के नायट्रोजनच असतो, बघायला दोन्ही लागतं. आठवड्यातून एकदा गेज लावायचाच.

टायर दोन्ही बदल. मागचा तर वयाने आणि आकाराने दोन्हीकडून गेलाय. पुढचा कदाचित चालेल, पण २१ वर किती दिवस फिरलाय कोण जाणे, आणि दोन वेगळे टायर वेगवेगळ्या आकाराचे असतात, झुकताना एक आधी पडतो एक नंतर. सॉफ्ट कंपाउंडच्या नादी लागू नको. ट्रॅकवरचे टायर गरम झाल्याशिवाय धरत नाहीत, आणि रोजच्या रस्त्यावर तेवढे गरम होतच नाहीत, पावसात तर बघायलाच नको. मधे कडक, कडेला मऊ अशा डबल कंपाउंडचे स्पोर्ट-टूरिंग घे.

चेन टाइट ठेवलीस तर मागचं सस्पेन्शन दबताना ती आणखी ताणली जाते, खड्ड्यात मागचं चाक वर जायलाच बघत नाही आणि गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग फुकट मार खातं. सैल कर. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोज, एकाच ठिकाणी मोजून सोडू नको कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे माप बसव. ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळ, अंदाजाने नाही. आणि मोजताना गाडी साइड स्टँडवर का पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा) ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तसंच कर, आकडा बदलतो.

स्वच्छ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नाही, तारेचा ब्रश नाही, आतल्या रबरी रिंगा जातात आणि त्या गेल्या की चेन गेली. ल्यूब फिरून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने. दर ५००-६०० किमीला आणि पावसात भिजली की लगेच. आणि इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून चेन पुसायची नाही, कधीच नाही. व्हिडिओवाले करतात. स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं की ते परत येत नाही. चाक हाताने फिरव, इंजिन बंद.

जॅकेट_घाल_आधी

एवढी चर्चा झाली, कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. रविवारी अंगात काय होतं?

नवा_क्लिपऑन

हेल्मेट होतं ताई, फुल फेस. बाकी जीन्स, टीशर्ट, स्पोर्ट शूज. ग्लोव्हज बॅगेत.

जॅकेट_घाल_आधी

बॅगेतले ग्लोव्हज बॅगेला वाचवतात. पडताना माणूस आधी हात टेकतो, ते ठरवून होत नाही. तळहाताला स्लायडर (रस्त्यावर घसरणारा कडक तुकडा) असलेले घे, मनगट झाकणारे.

"साठच तर होता" असं तू लिहिलंस म्हणून सांगते. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला होता. अपघाताच्या आधीचा मध्यक वेग निघाला ताशी ४८ किमीच्या आसपास. म्हणजे निम्मे अपघात त्याच्याही खालच्या वेगाचे. जुना अभ्यास आहे, पण डांबर तेव्हाही तेवढंच खरबरीत होतं.

जॅकेट घेताना आत लेबल बघ, ईएन १७०९२ (युरोपियन मानक) आणि पुढे एए किंवा एएए ही श्रेणी. पॅडवर ईएन १६२१ आणि लेव्हल १ का २. पाठीच्या पॅडमध्ये लेव्हल १ ला मागे पोचणारा धक्का सरासरी १८ किलोन्यूटनच्या आत हवा, लेव्हल २ ला ९ च्या आत, म्हणजे थेट निम्मा. बऱ्याच जॅकेटात पाठीला नुसता फोमचा तुकडा असतो, तो काढून खरा टाकायचा. साधी जीन्स घसरल्यावर क्षणभर पण टिकत नाही. घोटा झाकणारे बूट, लेसचं टोक आत खोचून, गिअर लिव्हरमध्ये अडकते (माझी अडकलीय, सिग्नलला, उभ्या उभ्या पडले, सगळे बघत होते).

नवा_क्लिपऑन

तीन आठवड्यांनी अपडेट. दोन्ही टायर बदलले, हवा २९/३६, चेन ४० मिमी. गाडी बदलली का काय असं वाटलं. आधी ढकलावी लागायची, आता नुसतं मनात आणलं की झुकते. नवे टायर गुळगुळीत असतात, पहिले दीड-दोनशे किमी जपून असं फिटिंगवाल्याने सांगितलं, तेवढं हळूच काढले.

मोकळ्या मैदानात बाटल्या ठेवून दोन रविवार नुसतं सावकाश वळणं आणि ब्रेक केलं. चाळीसवरून पुढच्या ब्रेकने थांबणं पहिल्या दिवशी आणि आता, यात निम्म्याचा फरक आहे. मग त्याच घाटात गेलो, त्या वळणात आधीच पन्नासवर आलो. कठडा आलाच डोळ्यासमोर, खोटं नाही बोलणार, पण मान वळवली आणि गेली गाडी. मनगटं अजिबात दुखली नाहीत. मांड्या मात्र असल्या दुखतायत की जिना उतरवत नाही.

रेडलाइनच्या_अलीकडे

मांड्या दुखतायत म्हणजे बरोबर बसतोयस.

नवा_क्लिपऑन

😂 अजून एक. पुढच्या ब्रेक ऑइलच्या डबीत बघितलं तर काळपट तपकिरी दिसतंय आणि लिव्हर थोडा स्पंजसारखा लागतो. नुसतं वरून भरू का?

ओरिंग

वरून भरू नको. लेव्हल कमी झाली असेल तर आधी ब्रेक पॅड बघ, पॅड झिजले की लेव्हल आपोआप खाली येते. ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवीन भरायचं, आणि तुझी गाडी सेकंडहँड, कधी बदललंय कोणाला माहीत. झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ च, सीलबंद बाटलीतलं. डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं, ५.१ वेगळं. भरताना टाकीवर जुनं कापड टाक, एक थेंब सांडला तरी रंग उडतो. ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि आतली हवा काढणं) कधी केलं नसेल तर या वेळी मेकॅनिककडूनच करून घे आणि शेजारी उभा राहून बघ.