मदत हवी आहे: आई-बाबा जर्मनीला निघालेत, दोन सिमच्या फोनवर बँकेचा ओटीपी कमी खर्चात कसा चालू ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही उदगीरचे. ताई श्टुटगार्टजवळ राहते. तिचं बाळंतपण आहे म्हणून आई-बाबा हैदराबादहून फ्रँकफर्टला जाणार आहेत. व्हिसा ९० दिवसांचा आहे, तो पुरेपूर वापरायचा विचार आहे. मधेच दाजी त्यांना दोन-चार दिवस स्वित्झर्लंड दाखवून आणणार आहेत.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. पेन्शनचं खातं, आधार, फार्मर आयडी, गॅसची नोंदणी, सगळं एकाच नंबरावर आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय, तेव्हा ते तिथंच असतील. त्यामुळं हा नंबर तिथं बंद ठेवून चालणार नाही. पण याच नंबरावर अर्धं गाव फोन करतं! वाटेकरी सोयाबीनचा भाव सांगायला फोन करतो, सोसायटीचे लोक करतात, बाबांचे जुने विद्यार्थी करतात. यातल्या निम्म्यांना बाबा जर्मनीत आहेत हे माहीतही नसणार. फोन वाजला की उचलायचा ही बाबांची सवय आहे, आणि रोमिंगमध्ये आलेल्या कॉललाही पैसे पडतात असं ऐकलंय. शेजारचे काका पोस्टपेड घेऊन दुबईला गेले होते. परत आल्यावर त्यांचं बिल बघून घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

फोन साधा अँड्रॉइड आहे. दोन सिमचा म्हणून घेतला होता. काल ट्रे ओढून बघितला तर दुसऱ्या सिमच्या खाचेत मेमरी कार्ड बसलेलं. त्यात बाबांनी जमवलेली कीर्तनं आणि नातवंडांचे फोटो आहेत. खाच एकच असल्यामुळं एक तर कार्ड बसणार, नाही तर सिम.

मला विचारायचंय ते असं. बाबांचं सिम तिथं फक्त ओटीपीपुरतं चालू ठेवता येतं का, आणि नुसता एसएमएस यायला पैसे लागतात का? तिथलं सिम घ्यायचं तर कोणतं, आणि तेच स्वित्झर्लंडमध्ये चालेल का? कंपनीचे रोमिंग पॅक बघितले, पण तीन महिन्यांचा हिशेब केला तर जमण्यासारखं नाही. आजीकडं बटणाचा फोन आहे, व्हॉट्सॲप नाही. तिच्याशी आई रोज बोलल्याशिवाय राहणार नाही, तर त्याचं काय करावं?

बाबांनी एकच अट घातलीय, "मला तिथं सेटिंग-बिटिंग काही करायला लावू नको, जे करायचं ते इथूनच करून दे."

प्रतिसाद

मी मूळचा परभणीचा, बरीच वर्षं जर्मनीत आहे. इथं येणाऱ्या आई-वडिलांचे फोन लावून देण्याचं काम माझ्याकडंच असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन महिन्यांसाठी रोमिंग पॅक घेऊच नका. घरी ताईचं वायफाय आहे. बाहेर पडल्यावर नकाशा आणि व्हॉट्सॲप चालावं एवढाच डेटा लागतो, त्याला इथलं प्रीपेड सिम पुरतं. आल्डी टॉक, लिडल कनेक्ट, लेबारा यांपैकी काहीही घ्या, बहुतेक पॅक चार आठवड्यांचे असतात. आजीसाठी मात्र लेबारासारखं भारताची मिनिटं देणारं सिम बघा, म्हणजे आई थेट बटणाच्या फोनवर बोलू शकेल. १ जुलै २०१७ पासून जर्मनीत प्रीपेड सिम चालू करायला ओळख पटवावी लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि इथला पत्ता लागतो, पत्ता ताईचा द्या. आई-बाबा पोचायच्या आधी ताईनं सिम आणून ठेवलं तर उत्तम.

स्वित्झर्लंडचं नीट लक्षात ठेवा. युरोपियन युनियनमध्ये जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरानं चालतं. जर्मन सिम फ्रान्स-ऑस्ट्रियात निर्धास्त वापरा. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. काही कंपन्या आपणहून त्याला पॅकमध्ये धरतात, काही धरत नाहीत. सिम घेतानाच ताईला ते वाचून घ्यायला सांगा. पॅकमध्ये नसेल तर त्या दोन-चार दिवसांत जर्मन सिमचंही डेटा रोमिंग बंद ठेवा. सरहद्दीजवळ, बोडनझे तळ्याच्या काठावर, जर्मनीत उभं असतानाही फोन पलीकडचा टॉवर पकडतो.

आता बाबांच्या सिमबद्दल. ते प्रीपेडच असू द्या, म्हणजे बॅलन्स संपला की तिथंच थांबतं, बिल फुगत नाही. निघायच्या आधी भारतातूनच कंपनीच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा, पण डेटा रोमिंग बंद. येणाऱ्या एसएमएसला जिओ, एअरटेलचे पैसे पडत नाहीत, म्हणजे ओटीपी फुकट येतो. येणाऱ्या आणि जाणाऱ्या कॉलला मात्र पडतात.

बाबांच्या सिमचा भारतातला रिचार्ज परत येईपर्यंत पुरेल असा मारा. रोज दीड-दोन जीबी देणारा महागडा रिचार्ज नको. ट्रायनं (मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये नियम केल्यापासून फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्जही कंपन्यांना ठेवावे लागतात, मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. ते ॲपमध्ये खाली कुठं तरी दडलेले असतात, शोधावे लागतात.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर आहे. मी छत्रपती संभाजीनगरला मोबाइलच्या दुकानात काम करतो, तर सेटिंगचं मी सांगतो.

मेमरी कार्डातलं सगळं आधी पेन ड्राइव्हवर आणि जमेल तेवढं फोनमध्ये घ्या, मग खाच मोकळी करा. दुसरा रस्ता ई-सिमचा, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम, त्याला खाच लागत नाही. *#०६# लावून बघा, आयएमईआयबरोबर (फोनचा ओळख क्रमांक) ईआयडी नावाचा मोठा आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिम आहे. पण बाबांचा नंबर ई-सिमवर न्यायचा असेल तर निघायच्या आदल्या दिवशी अजिबात नको. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात, तेव्हा हाताशी आठवडा तरी ठेवा.

डेटासाठी जर्मन सिम निवडा आणि "ऑटो डेटा स्विचिंग" बंद करा. ते चालू राहिलं तर जर्मन सिमची रेंज गेल्यावर फोन गुपचूप बाबांच्या सिमवर उडी मारतो. बाहेर जाणाऱ्या कॉललाही जर्मन सिमच ठरवून टाका. ##००२# लावून सगळं कॉल फॉरवर्डिंग (आलेला कॉल दुसऱ्या नंबरावर वळवणं) काढा. परदेशात न उचललेला कॉल फॉरवर्ड झाला तर त्याचेही पैसे लागू शकतात, हे गिऱ्हाइकांना सांगून पटत नाही. आणि सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करून द्या. शून्य लावलेला नंबर जर्मन सिमवरून लावला तर जर्मनीतच कुठं तरी फोन जाईल.

विमानात फ्लाइट मोड लागलाच पाहिजे. काही विमानांत स्वतःचं नेटवर्क असतं आणि त्याचे दर फार असतात.

प्रतिसाद (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. ताईला आत्ताच फोन केला, ती या आठवड्यात सिम आणून ठेवणार आहे. रिचार्जचं तर मला माहीतच नव्हतं.

येणाऱ्या कॉलचं मात्र अजून सुटलेलं नाही. बाबांना "उचलू नका" म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या हातून फोन उचलला जाणारच. बाबांचं सिम गावाकडच्या जुन्या फोनमध्ये ठेवून मी इथून ओटीपी वाचून दाखवू का?

प्रतिसाद

सिम काढून गावाकडं ठेवू नका. व्हॉट्सॲप त्याच नंबरावर आहे ना? नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं अशी ॲप चालू सिमशी जोडून ठेवण्याचा आदेश काढलाय, म्हणजे सिम फोनमध्ये नसेल तर व्हॉट्सॲप अडू शकतं. यूपीआय तर आधीपासूनच फोनमधलं सिम तपासतं. आणि बापाचा ओटीपी लेकानं जरी वाचून सांगितला तरी एकदा ती सवय लागली की उद्या कुणी अनोळखी माणूस "बँकेतून बोलतोय" म्हणून मागेल, तेव्हा बाबा त्यालाही सांगतील. ते होऊ देऊ नका.

कॉलसाठी दोन गोष्टी करा. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल बारिंग (ठरावीक कॉल अडवण्याची सोय) असतं, त्यात "रोमिंगमध्ये येणारे कॉल" असा पर्याय दिसतो. कंपनीनं ती सोय दिली असेल तर तो चालू करा. एसएमएस त्यानं अडत नाहीत. सोय नसेल तर बाबांच्या सिमची रिंगटोन "काही नाही" करा आणि जर्मन सिमला त्यांची ओळखीची रिंगटोन लावा. न उचललेल्या कॉलला, फॉरवर्डिंग काढलेलं असेल तर, पैसे नाहीत. मग मिस कॉल दिसला की बाबा वायफायवर व्हॉट्सॲपवरून परत लावतील. वेळ तेवढी बघायला सांगा, जर्मनी आपल्या साडेतीन तास मागं असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार तास.

हे सगळं करून झाल्यावर दोन-तीन दिवस बाबांना उदगीरातच तसा फोन वापरू द्या. बाबांच्या सिमचा डेटा बंद, दुसऱ्या खाचेत तुमचं एखादं सिम घालून डेटा आणि कॉल त्यावर. बँकेचा एक ओटीपी मागवून बघा. जे अडेल ते विमानात बसायच्या आधीच कळेल.