'को'वाल्यांना मायनस पाठ केला की चिन्हं चुकत नाहीत?

रिकामा_फळा: परवा इथे एकाने लिहिलं, "कोसाइन, कोटॅन्जंट, कोसेक, म्हणजे 'को'वाल्यांच्या डेरिव्हेटिव्हला (बदलाच्या दराला) मायनस. एवढं पाठ करा, इम्प्लिसिटमध्ये (एक्स आणि वाय एकाच समीकरणात गुंतलेले असताना) चिन्ह चुकणार नाही." बारावीचे पेपर तपासणाऱ्याला हे वाचून राग येणारच. कॉसचा मायनस पोरं विसरत नाहीत हो! चूक पुढे होते. कॉस (एक्स − वाय) = एक्स घ्या. −साइन (एक्स − वाय) बिनचूक लिहितात आणि आतल्या (१ − वाय डॅश)चा कंस खातात; वाय डॅश म्हणजे वायचं डेरिव्हेटिव्ह, डीवाय बाय डीएक्स. कंस लिहिलाच तर १ − वाय डॅश = −कोसेक (एक्स − वाय) (कोसेक म्हणजे १ भागिले साइन) इथून बाजू बदलताना घोळ. वाय डॅश यायला हवं १ + कोसेक, येतं १ − कोसेक.

लातूर_बॅच: सर, सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. तिथे कंसाची पूजा करायला वेळ कुणाला आहे? माझ्याकडची खेड्यातली पोरं याच 'को'वर तरली.

रिकामा_फळा: तरली तिथे, जिथे आत नुसता एक्स होता. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, जेईई मेनमध्ये चुकलं की एक गुण जातो. आणि चुकीच्या चिन्हाचं उत्तर पर्यायांत हमखास असतं, त्यामुळे पोराला शंकाही येत नाही.

वाय_डॅश_नको: खरा गुन्हेगार तो डॅश! माझी मुलगी घाईत लिहिते तेव्हा डॅश आणि १ यांत फरक कळत नाही. डीवाय बाय डीएक्स पूर्ण लिहायला लावलं, तिच्या चुका निम्म्यावर आल्या.

लातूर_बॅच: ओळीओळीला डीवाय बाय डीएक्स? पेपर संपेल का?

वाय_डॅश_नको: कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझने १६८४ साली छापलेल्या लेखात डी वापरला, तो उगाच नाही. कशाच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेतोय ते डोळ्यासमोर राहतं.

जुना_इंजिनियर: डॅश गणिती लाग्रांजचा आहे, कुण्या क्लासवाल्याचा नाही. आम्ही आयुष्यभर डॅशच लिहिला, पूल पडले नाहीत. अक्षर सुधारा म्हणावं मुलीला.

वाय_डॅश_नको: मुलीच्या अक्षरावर जायचं काम नाही. तुमच्या वेळी तीन तासांचा पेपर होता, ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे नव्हते.

रिकामा_फळा: डॅश ठेवा नाहीतर काढा, कंस ठेवा. आणि 'को'चा मायनस येतो कुठून? कॉस एक्स म्हणजे साइन (९०° − एक्स). आतल्या −एक्सचा −१ बाहेर येतो. कोट, कोसेकचंही तेच. म्हणजे तुमची युक्ती हाच चेन रूल (बाहेरच्याचं डेरिव्हेटिव्ह गुणिले आतल्याचं) आहे! पोरांना तो एकदा इथे दिसला की एक्स − वाय आल्यावर ती आत बघतात.

लातूर_बॅच: बरं, हे उद्या फळ्यावर दाखवतो. पण 'को' सोडणार नाही.

जुना_इंजिनियर: पडताळा कुणीच शिकवत नाही. एक्स = ०, वाय = −π/२ हा बिंदू त्याच वक्रावर आहे. एक्स ०.१ केला की वाय सुमारे −१.३७०६, म्हणजे ०.२ ने वर. चढ २ च्या आसपास. १ + कोसेक देतं २, १ − कोसेक देतं शून्य. कोण खोटं ते लगेच कळतं.

लातूर_बॅच: परीक्षेत −१.३७०६ कोण काढणार? कॅल्क्युलेटर चालत नाही.

जुना_इंजिनियर: घरी सरावाला तर चालतो ना?

वाय_डॅश_नको: आता याचंच दुसरं डेरिव्हेटिव्ह काढा. −कोसेक × कोट, पुढे (१ − डीवाय बाय डीएक्स), तोही −कोसेक. दोन मायनस मिळून कोसेक वर्ग × कोट. हेच दोन-दोन डॅश मारून लिहा आणि कंस किती उरतात ते मला दाखवा.