गॅसचा लॉस मायनस आला तर आनंद मानायचा की घाबरायचं?

खातेवही_पणजी
मंडळी, मी मूळचा अकाउंट्सवाला, सहा महिन्यांपूर्वी शहर गॅसच्या नेटवर्कचा हिशोब माझ्या गळ्यात पडला. आधीचा माणूस सोडून गेला आणि मागे एक एक्सेल ठेवून गेला, त्यात कोणता सेल कुठून येतो ते देवालाच ठाऊक. सिटी गेट स्टेशनला (सीजीएस) महिन्याला साधारण ६ लाख एससीएम (स्टँडर्ड क्युबिक मीटर, म्हणजे ठरावीक तापमान-प्रेशरला मोजलेले घनमीटर) गॅस घेतो, विकतो घरगुती, हॉटेलं आणि सीएनजीला. मार्चात लॉस १.९ टक्के होता, एप्रिलात ०.३ आणि मे मध्ये चक्क मायनस १.१. म्हणजे घेतला त्यापेक्षा जास्त विकला! साहेब खूश, म्हणाले बघ लॉस कमी केलास, मी मात्र काहीच केलं नाहीये हो. पाईपात गॅस पिकतो की काय?

मीटरवाला
पिकत नाही, पण फुगतो. सीजीएसला फ्लो कॉम्प्युटर असतो, तो सगळं १५ डिग्री आणि १.०१३२५ बारवर आणून एससीएम दाखवतो. घरच्या डायफ्राम मीटरला यातलं काही कळत नाही, त्याच्यातून जेवढं घनफळ गेलं तेवढं मोजतो. आता मे महिन्यात बाल्कनीतला गॅस ३० डिग्रीचा धर. २८८.१५ भागिले ३०३.१५ म्हणजे ०.९५, त्याला २१ मिलिबार प्रेशरचं १.०२ ने गुणलं की ०.९७. म्हणजे मीटरवर १०० फिरले तर खरा गॅस ९७ एससीएमच. उन्हात तापणारा मीटर असेल तर आणखी कमी, एका डिग्रीमागे ढोबळमानाने पाव ते अर्ध्याच्या मधे, ०.३५ टक्के. तुमच्याकडे घरगुती बिलाला करेक्शन फॅक्टर लावतात की रीडिंग सरळ बिलात?

खातेवही_पणजी
आमच्याकडे सरळ बिलात जातं. पण घरगुती विक्री एकूणच्या पाचवा हिस्साच आहे, मग ३ टक्क्यांचे फार तर ०.६ होतात ना?

बिलिंगवाली
बरोबर पकडलंस. आणि गोव्यात मार्चातही काय थंडी असते का, तेव्हा तर १.९ प्लस होता. त्यामुळे तापमान दरमहा आकडा थोडा खाली ओढत असेल, पण मार्च ते मे ३ टक्क्यांची उडी त्यातून येणार नाही. मला तारखांचा घोळ वाटतो.

घरगुती मीटर दोन महिन्यांतून एकदा वाचतात, आणि तेही एका दिवशी नाही, एक रूट ५ तारखेला तर दुसरा २२ ला. तू सीजीएसचा मे आणि बिलातला मे जुळवतोयस, पण बिलातल्या मे मध्ये अर्धा एप्रिल बसलाय. त्यात सुट्टीला माणसं गावाला गेलेली, दार बंद, रीडर काय करणार, मागच्या सरासरीवर बिल काढतो. गॅस जाळलाच नाही आणि विक्रीत धरला. पुढच्या खऱ्या रीडिंगला ते उलटं फिरेल आणि साहेब तुलाच विचारतील लॉस का वाढला. चतुर्थीच्या महिन्यात परत हाच तमाशा, लिहून ठेव 😄

दुसरं, गॅसचा दिवस सकाळी ६ ते ६ असतो. सीएनजी पंपाची शीट रात्री १२ ची येते का बघ. शिवाय पंप किलोत मोजतो, एक्सेलमध्ये किलोचं एससीएम करायला कोणती घनता गोठवून ठेवलीय तेही बघ. ०.७२ ने एका किलोचे १.३९ होतात आणि ०.७५ ने १.३३, फरक चार टक्के.

खातेवही_पणजी
०.७२ आहे, हाताने टाईप केलेलं, कधीपासून कोणास ठाऊक 🙈 आणि लाईनपॅकचा, म्हणजे पाईपलाईनच्या पोटात साठलेल्या गॅसचा, कॉलम आहे पण रिकामा. २० किलोमीटर १२ इंची स्टीलची लाईन आहे आमची, त्याने काय फरक पडतो?

मीटरवाला
महिन्याला फार नाही. त्या लाईनच्या पोटात साधारण १५०० घनमीटर जागा आहे, प्रेशर १ बार उतरलं की १४००-१५०० एससीएम बाहेर पडले समज. तुझ्या ६ लाखात ते पाव टक्का. पण रोजचा हिशोब काढलास तर २० हजारात तेच सात टक्के होतात, म्हणून रोजचा लॉस बघून कोणावर ओरडू नकोस. १ तारखेला सकाळी ६ चं प्रेशर लिहीत जा, बस.

पाना_पक्कड
एवढी वर्षं फील्डला काढली म्हणून सांगतो, मायनसच्या खाली खरा लॉस लपलेला असतो. आमच्याकडे एक किनाऱ्यावरचं हॉटेल, सीझनमध्ये शेफची रोजची बोंब, शेगडीला जाळ नाही. कोणीतरी टेक्निशियन गेला आणि रेग्युलेटरचा स्क्रू पिळून १०० चं ३०० मिलिबार करून आला, शेफने त्याला बांगड्याचं ताट दिलं असणार. ईव्हीसी (प्रेशर-तापमान बघून मीटरचं रीडिंग दुरुस्त करणारं यंत्र) नव्हता, बिल १०० मिलिबारच्या ठरावीक फॅक्टरवर. मीटरवर १०,००० फिरले की बिल ११,००० चं, गॅस गेला १३,०००. असं वर्षभर चाललं. हिशोबात दिसलंच नाही कारण तिकडे घरगुतीचं फुगलेलं रीडिंग ते भरून काढत होतं. शेवटी सापडलं कसं, तर गेज बदलायला गेलेल्या पोराने सहज काट्याचा फोटो ग्रुपवर टाकला म्हणून. तेव्हा बाब, एकूण टक्का बघू नकोस. ईव्हीसी नसलेल्या हॉटेलांची यादी काढ आणि प्रत्येक ठिकाणी मीटरजवळचं प्रेशर मोजून ये, पावसात अर्धी बंद असतात तेव्हा नको, चुली पेटलेल्या असताना जा.

खातेवही_पणजी
देव बरें करूं सगळ्यांचं. आज दार बंदवाली बिलं वेगळी काढली, मे मध्ये ४१२ निघाली. हॉटेलं २३ आहेत ईव्हीसीशिवाय, त्यातली ७ कळंगुट-बागा पट्ट्यात. शुक्रवारी रात्री आठला टेक्निशियनबरोबर स्कूटरवर निघतोय, गेज मी माझ्या हातात ठेवणार.