मदत हवी आहे: .३८ रिव्हॉल्व्हर, घरी भरलेली काडतुसं फुसकी जाताहेत

बारामतीकर_ओहायो: लवकर सांगा कुणीतरी, शनिवारी मॅच आहे. स्मिथ अँड वेसन मॉडेल १०, सेकंडहँड, पीपीसीसाठी, म्हणजे पोलिसी धर्तीच्या नेमबाजी स्पर्धेसाठी, बदलून घेतलेलं. जाड बॅरल, वर लांब पट्टी, ट्रिगर एकदम मऊ. .३८ स्पेशल घरी भरून टेस्ट करतोय. घोडा पडतो, टक्क होतं, बार उडत नाही. दर सिलिंडरला एक-दोन फुसके. फॅक्टरीचे सगळे उडतात, म्हणजे रिव्हॉल्व्हर ठीक आहे. पावडर बदलू का?

चापओढ्या: पावडरचा काय संबंध? बार पेटवतो तो बुडातला प्रायमर. तो कुठला? त्यावर घोड्याची खूण किती खोल? तेच काडतूस परत मारलं तर उडतं का? आणि फॅक्टरीचं म्हणजे कुणाचं?

निवांत: लायसन्सशिवाय काडतुसं भरणं आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, माहीत आहे ना?

बारामतीकर_ओहायो: ओहायो. आयडीतच लिहिलंय. प्रायमर स्मॉल पिस्टल, दुकानात होते ते. परत मारलं की बहुतेक उडतात. फॅक्टरीचं फेडरल कंपनीचं, १४८ ग्रेन वॅडकटर, म्हणजे चपट्या तोंडाची टार्गेटची गोळी.

डलासचे काका: परत मारल्यावर उडतं म्हणजे प्रायमर वर राहतोय. पहिल्या फटक्यात तो नुसता खाली बसतो, दुसऱ्यात पेटतो. बोट फिरवून बघा, केसच्या (पितळी नळकांड्याच्या) बुडापेक्षा किंचित आत लागला पाहिजे. मी हाताच्या टूलनेच बसवतो. प्रेसवर, म्हणजे काडतूस भरायच्या यंत्रावर, काही कळत नाही.

चापओढ्या: काका, हलका फटका असला तरी असंच होतं. आणि फेडरलचं काडतूस हा पुरावाच नव्हे! फेडरलचे प्रायमर सगळ्यांत मऊ, त्यांच्या काडतुसात तेच असतात. पीपीसीवाले ट्रिगर हलका करायला घोड्याला जोर देणारी मेनस्प्रिंग इतकी उतरवतात की बाकीचे प्रायमर पेटवण्याइतका जोरच घोड्यात उरत नाही. दुसऱ्या कंपनीचं फॅक्टरी काडतूस मारा. सिंगल अ‍ॅक्शनने, घोडा बोटाने मागे ओढून, उडतं का?

बारामतीकर_ओहायो: सिंगल अ‍ॅक्शन नाहीच. घोड्याचं शेपूट कापलंय.

डलासचे काका: हे आता सांगताय? मग ग्रिप काढा. फ्रेमला पुढून, खालच्या बाजूला एक स्क्रू आहे, तो मेनस्प्रिंगला ताण देतो. पूर्ण आवळलेला हवा.

बारामतीकर_ओहायो: आवळलेलाच आहे.

डलासचे काका: मग टोक घासून आखूड केला असेल, लोक करतात. नवा स्क्रू, नवी स्प्रिंग. विषय संपला.

चापओढ्या: अहो, त्या ट्रिगरसाठीच तर असलं रिव्हॉल्व्हर घ्यायचं! फेडरल प्रायमर आणा, स्प्रिंगला हात लावू नका.

डलासचे काका: आणि नाही मिळाले तर? २०२१ मध्ये कुठलाच प्रायमर मिळत नव्हता, तेव्हा काय चिंचोके भरले होते तुम्ही?

झणझणीत_कोल्हापूर: नेमबाजीचा विषय निघालाच आहे तर, पॅरिस २०२४, ५० मीटर थ्री पोझिशन, ब्राँझ, स्वप्निल कुसाळे. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी! राही सरनोबतपण कोल्हापूरचीच.

निवांत: कुसाळे रायफलवाला आहे हो.

पुणेरी_आई: लेकीला १० मीटर एअर पिस्तूल शिकायचंय. बालेवाडीला कुणाशी बोलावं?

चापओढ्या: ताई, वेगळा धागा काढा, सांगतो.
बारामतीकर, टक्क झालं की लगेच सिलिंडर उघडू नका. नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, बार उशिरा उडू शकतो. आणि टक्कऐवजी फुस्स आवाज आला तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही. आधीची बॅरलमध्ये अडकलेली असू शकते.

डलासचे काका: हे मात्र बरोबर. शिवाय .३८ स्पेशलची केस काळ्या दारूच्या काळातली, ऐसपैस. आजची वॅडकटरची पावडर तळालाच राहते, दुप्पट पडली तरी सांडत नाही, म्हणून कळत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारा.

बारामतीकर_ओहायो: टॉर्च मारतोच. प्रायमरवर बोट फिरवलं, सगळे आत आहेत. दुसऱ्या एका कंपनीचं फॅक्टरी काडतूस मारलं, त्यातलंही फुसकं गेलं. काका, स्क्रू कितीला मिळतो?

चापओढ्या: फेडरल!!

डलासचे काका: आधी फोटो टाका.